तालमींचे बडोदे

ग्रीसमधल्या ऑलिम्पियाच्या संग्रहालयात एक दगड आहे. वालुकाश्माचा, सुमारे १४३ किलो वजनाचा, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला. बिबोन नावाच्या माणसाने हा दगड एका हाताने डोक्यावरून फेकला, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. ज्या गावात इसवी सनापूर्वी ७७६ पासून ऑलिम्पिक सामने भरत असल्याची परंपरा सांगितली जाते, त्या गावाने आपल्या एका बलवानाचे नाव असे जपून ठेवले.

असाच एक दगड आपल्या देशातही आहे, बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पहिलवानाने तो उचलला, असे सांगतात. गामा तेव्हा पंचविशीच्या आतला होता. दगडाचे वजन सांगितले जाते १२०० किलो! म्हणजे शंभर किलोच्या पोत्यांच्या हिशेबाने बारा पोती. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ साली डोक्यावर उचललेले विक्रमी वजन २६७ किलो होते. तेव्हा हा १२०० चा आकडा आणि ‘उचलला’ या शब्दाचा अर्थ, दोन्ही जरा बेतानेच घ्यावेत. इतिहास शिकवणाऱ्या बाईची ही खोड समजा! पण एका शहराने पहिलवानाची आठवण म्हणून अख्खा दगड संग्रहालयात नेऊन ठेवावा, हे मला फार आवडले. दोन हजार वर्षांहून अधिक अंतर आणि दोन वेगळे खंड, पण हौस तीच.

त्या दगडापुढे उभी असताना एक विचार मात्र मनात आला. दगडावर नाव राहते ते उचलणाऱ्याचे. त्याला शिकवले कोणी, पहाटे चारला उठवून जोर-बैठका काढून घेतल्या कोणी, ती नावे दगडावर येत नाहीत. बडोद्याचे वैशिष्ट्य असे, की इथे शिकवणाऱ्यांची नावेही जिवंत आहेत. म्हणूनच आज या शहराविषयी लिहावेसे वाटले.

व्यायामशाळा आणि पाठशाळा

प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गासाठी मी तीन आठवडे बडोद्यात होते. दिवसभर व्याख्याने असत. संध्याकाळ आणि रविवार आपला. बरोबरच्या मैत्रिणी पटोळे आणि बांधणीच्या दुकानांकडे वळत. मीही दोनदा गेले, खोटे कशाला सांगू! पण उरलेल्या संध्याकाळी मी जुन्या शहरात फिरत असे. न्यायमंदिराची देखणी इमारत, शेजारचा सुरसागर तलाव, लहरीपुरा दरवाजा, मांडवी, आणि भित्तिचित्रांनी भरलेला तांबेकरांचा वाडा. आपल्याकडे आळी किंवा गल्ली म्हणतात, तिथे ‘पोळ’ म्हणतात. त्या पोळांतून चालताना मध्येच एखाद्या ओट्यावरून अस्सल मराठी कानावर येते आणि पाय थबकतात. गायकवाडांबरोबर इथे आलेली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिली. चौकाचौकांत मिळणारी ‘सेव-उसळ’ खाल्ली की आपल्या मिसळीची सख्खी मावसबहीण भेटल्यासारखे वाटते.

एका रविवारी, सकाळी लवकर, अशाच फिरण्यात एका जुन्या तालमीच्या दारात पोहोचले. तिथे काय पाहिले ते पुढे सांगतेच. पण त्याआधी ग्रीसची आणखी एक गोष्ट सांगायला हवी.

आपण ज्याला ‘जिम’ म्हणतो तो शब्द मूळ ग्रीक ‘जिम्नॅशियम’ या शब्दावरून आला. आज जिम म्हटले की आरसे, यंत्रे आणि मोठ्या आवाजातली गाणी डोळ्यांपुढे येतात. प्राचीन अथेन्समधल्या व्यायामशाळा म्हणजे शहराच्या वेशीबाहेरच्या राया होत्या. तरुण तिथे धावत, कुस्ती खेळत, आणि दमले की सावलीला बसून विचारवंतांशी वाद घालत. प्लेटोची ‘अकादमी’ आणि अ‍ॅरिस्टॉटलचे ‘लायसियम’ यांची नावे आज विद्येची प्रतीके झाली आहेत, पण त्या दोन्ही जागा मुळात व्यायामशाळांच्या! जर्मनीत तर हायस्कूललाच ‘गिम्नाझियम’ म्हणतात. म्हणजे ‘खेळ की अभ्यास?’ हा आपल्या घराघरांतला वाद त्या जुन्या ग्रीकांना बहुधा कळलाच नसता.

बडोद्यातही नेमके हेच घडलेले दिसते.

जुम्मादादा आणि माणिकराव

बडोद्याला मल्लविद्येचा नाद फार जुना. खंडेराव महाराजांच्या काळात, म्हणजे १८५६ ते १८७० या वर्षांत, दरबारी पहिलवानांचा मोठा ताफा होता. लुई रुसले नावाचा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात इथे आला होता. इथल्या कुस्त्या आणि हत्तींच्या झुंजी पाहून त्याने त्यांची सविस्तर वर्णने लिहून ठेवली. पण हा झाला राजाच्या हौसेचा भाग. राजा बदलला की हौस बदलते. सामान्यांच्या मुलांना व्यायाम शिकवणारी जागा वेगळी लागते.

ती जागा १८८० साली उभी राहिली. जुम्मादादा नावाच्या मुसलमान उस्तादांनी तालीम सुरू केली. आज ती ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’ म्हणून ओळखली जाते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले पट्टशिष्य म्हणजे माणिकराव, महाराष्ट्रीय ब्राह्मण घरातले. गुरूनंतर त्यांनी ती तालीम वाढवली आणि तिला नाव ठेवले ते गुरूचेच. पुढे ‘राजरत्न’ ही पदवी त्यांना मिळाली, देशभर नाव झाले. तरी पाटीवर नाव जुम्मादादांचेच राहिले. आजकाल साधी शिकवणी सुरू केली तरी फलकावर आपला फोटो लागतो. तिथे ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

माणिकराव नुसते पहिलवान नव्हते. मोडलेली, निखळलेली हाडे बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. शेकडो मुलांनी एका वेळी, एका तालावर करायच्या ‘संघ व्यायामा’ची पद्धत त्यांनी बसवली. कवायतीतले इंग्रजी हुकूम काढून त्यांनी देशी भाषेतले हुकूम दिले. आज शाळेच्या मैदानावर ‘सावधान’, ‘विश्राम’ ऐकताना आपल्याला त्यात विशेष वाटत नाही. पण परक्या राज्यात, परक्या भाषेत पाय आपटणाऱ्या मुलांना आपल्या भाषेत उभे राहायला शिकवणे, ही केवढी मोठी गोष्ट होती!

त्यांच्या शिष्यांतले एक नाव तर आपल्या घराघरांत पोहोचले आहे, फक्त आपल्याला ते ठाऊक नसते. बडोद्याजवळच्या डभोईत १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ च्या सुमाराला माणिकरावांकडे आले आणि सुमारे तीन वर्षे त्यांच्याजवळ शिकले. पुढे हेच स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. आज सकाळी टीव्हीपुढे चटई अंथरून कपालभाती करणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी एवढे लक्षात ठेवावे, की योगाच्या शास्त्रीय अभ्यासामागे बडोद्याच्या तालमीतली लाल मातीही आहे.

कुस्तीचे पुराण आणि व्यायामाचा ज्ञानकोश

तालमीतली विद्या तोंडी चालते. उस्ताद गेला की अर्धी विद्या त्याच्याबरोबर जाते. बडोद्याने ती कागदावरही उतरवली. माझ्यासारख्या पुस्तकवेड्या बाईला या शहराचे सर्वांत मोठे कौतुक याचेच आहे.

गुजरातेत जेठीमल्ल नावाची पहिलवानांची एक जुनी जमात आहे. त्यांच्या मल्लविद्येवर ‘मल्लपुराण’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. बडोद्याच्या प्राच्य विद्या मंदिराने १९६४ साली तो संपादून छापला. पहिलवानाने काय खावे, कोणता व्यायाम करावा, डाव कोणते, असा सगळा तपशील त्यात आहे. खांबावरच्या व्यायामाचाही त्यात उल्लेख आहे, म्हणजे आपल्या मल्लखांबाचे मूळ घराणे.

दुसरे काम त्याहून मोठे आणि ते आपल्या मराठीतले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, देशी-विदेशी खेळ असा सारा पसारा त्यात आहे. दहा खंड! आणि ते पुण्या-मुंबईत नव्हे, तर बडोद्यात झाले. मध्ये महायुद्ध आले, कागदाची टंचाई आली, १९३९ साली सयाजीराव महाराज गेले, देश स्वतंत्र झाला, संस्थान विलीन झाले. मुजुमदारांनी काम सोडले नाही. मराठी ही जिथे राज्यकारभाराची किंवा बहुसंख्यांची भाषा उरणार नव्हती, त्या शहरात एका माणसाने तिच्यात एवढे काम करून ठेवले. आपण सीमाभागातले लोक भाषेविषयी पुष्कळ बोलतो. या कोशाकडे पाहिले की वाटते, भाषेचे प्रेम असे दहा खंडांनीही दाखवता येते.

हुतुतूची गोष्टही अशीच. आपण लहानपणी गल्लीत खेळायचो तो हुतुतू, आज ज्याची टीव्हीवर कबड्डी म्हणून झगमग असते. गावोगावी त्याचे नियम वेगळे होते. नियम एक करायचे, छापायचे आणि त्यांनुसार सामने भरवायचे, या खटपटीत बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याचा मोठा वाटा. १९२३ साली बडोद्यात त्या नियमांनुसार अखिल भारतीय सामने झाले. नियम छापून निघाले की खेळ एका गावाचा राहत नाही, देशाचा होतो.

सांगलीचे हजारे, बडोद्याचे हजारे

बडोदे म्हटले की बहुतेकांना आठवते ते क्रिकेट. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातले मोतीबाग मैदान पाहण्यासारखे आहे. मागे राजवाड्याचे मनोरे आणि पुढे हिरवळ. बडोद्याने रणजी करंडक पाच वेळा जिंकला: १९४२-४३, १९४६-४७, १९४९-५०, १९५७-५८ आणि २०००-०१.

विजय हजारे मूळचे आपल्या शेजारचे, सांगलीचे. १९१५ चा जन्म. मराठी ख्रिस्ती कुटुंबातला हा अबोल मुलगा बडोद्याला आला आणि बडोद्याचाच झाला. १९४७ च्या मार्चमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी तेवढी मोठी भागी २००६ पर्यंत झाली नाही. तारीख पुन्हा वाचा. मार्च १९४७. पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. लाहोरचे गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली त्यांच्याकडून एक कसोटीही खेळले. पण त्या मार्चमध्ये सांगलीचा ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान बडोद्याच्या मैदानावर जवळजवळ नऊ तास एकमेकांसाठी धावत होते. हजारेंच्याच नेतृत्वाखाली १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. ते २००४ साली बडोद्यातच वारले.

दत्ताजीराव गायकवाड हे दुसरे नाव. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते भारताचे कर्णधार होते. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा भारताचे सर्वांत वयोवृद्ध कसोटीपटू होते. त्याच वर्षी जुलैत त्यांचे चिरंजीव अंशुमनही गेले. दत्ताजीरावांच्या धावा कदाचित विसरल्या जातील. पण मांडवीजवळच्या मशिदीच्या आवारात वाढलेल्या इरफान आणि युसूफ पठाण या दोन भावांना त्यांनी शिकवले, ते कसे विसरणार? जुम्मादादांनी माणिकरावांना शिकवले. शंभर वर्षांनी त्याच शहरात एका गायकवाडाने पठाणांच्या मुलांना शिकवले. उसने पाव्हणे व्याजासकट परत करावे, तसे हे वाटले.

आता शहराबाहेर कोटंबीला नवे मोठे स्टेडियम झाले आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिथे भारतीय महिला संघ वेस्ट इंडिजविरुद्ध खेळला. बडोद्याकडून खेळणारी राधा यादव २०२५ साली विश्वकरंडक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती. मुलींचा विषय निघालाच आहे, तर आता त्या तालमीच्या दारात जाऊ या.

दोरीवरची ताई

रविवारची सकाळ होती. आत मल्लखांब रोवलेला, बाजूला लाल मातीचा हौदा, छताला बांधलेले दोर. पंधरा-वीस मुले-मुली होती. एक आठ-नऊ वर्षांची चिमुरडी दोरीवर अढी घालायचा प्रयत्न करत होती. दोर तिच्या पायाच्या अंगठ्यातून निसटत होता. ती खाली यायची, हात चोळायची, पुन्हा चढायची. खाली एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उभी होती. ती ओरडत नव्हती, मदतीला धावतही नव्हती. फक्त म्हणत होती, “अंगठा. परत. अंगठा.” पाचव्या की सहाव्या खेपेला अढी बसली. चिमुरडीच्या चेहऱ्यावरचा आनंद काय वर्णावा! पण मी पाहत होते ते त्या मोठ्या मुलीकडे. तिचा चेहरा त्याहून उजळला होता.

बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. साठ वर्षे त्या तालमीत येत होते म्हणे. मी बेळगावची म्हटल्यावर सरसावून बसले.

“म्हणजे चौगुल्यांच्या गावच्या!”

मी चकित झाले. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावले होते, त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला होता. भारतातून गेलेल्या पहिल्या संघातले ते एक. ग्रीसमधल्या मॅरेथॉन गावाच्या नावाची ही शर्यत, आणि तिच्यात आपल्या बेळगावचा गडी! त्याच संघात कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्तीला होते आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले. आमच्या वर्गातल्या किती मुलांना चौगुले ठाऊक असतील? बडोद्यातल्या एका म्हाताऱ्याला ठाऊक होते.

मी विचारले, “काका, इथली मुले दहावीला आली की तालीम सोडतात का?”

हा प्रश्न काही उगाच आला नव्हता. माझी धाकटी लेक खो-खो खेळते. जिल्ह्याच्या संघात निवड झालेली. यंदा ती दहावीला. घरात दोन महिने हाच विषय होता. जाऊबाईंचे म्हणणे, “एक वर्ष बंद ठेवलं तर काय बिघडणार आहे? पुढे खेळेल की.” सासूबाईंना तिच्या गुडघ्यांची काळजी. यजमान म्हणत, “तूच ठरव, तू शिक्षिका आहेस.” आणि लेक काही बोलतच नव्हती, ते मला जास्त लागत होते.

काका म्हणाले, “सोडतात ना, ताई. पूर्वी क्वचित सोडायची, आता निम्मी सोडतात. आईबाप म्हणतात, अकरावीला परत पाठवू. पण अकरावीला दुसरा क्लास असतो. मग येत नाहीत.”

“अभ्यासाचेही खरेच असते हो,” मी म्हटले.

“असेल. मार्कांचं मला कळत नाही. पण मला काय दिसतं ते सांगू? ती बघा दोन मुलं.” त्यांनी दोरीकडे बोट दाखवले. “मी आता कुणाला चढून दाखवू शकत नाही. लहानांना शिकवतात ती मोठी पोरंच. मोठी म्हणजे पंधरा-सोळाची. त्यांना नुकतंच जमलेलं असतं, म्हणून कुठं चुकतं ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. दहावीची पोरं गेली की ही मधली पायरी जाते. वर मी म्हातारा, खाली ही चिल्लीपिल्ली. मध्ये कोणी नाही. मग तालीम बंद पडायला वेळ लागत नाही.”

मी गप्प बसले. वीस वर्षे मी शिकवते आहे. मुलांच्या दहावीकडे मी नेहमी त्यांच्या बाजूने, फार तर त्यांच्या आईबापांच्या बाजूने पाहिले. तालमीच्या बाजूने तिच्याकडे पाहायला या काकांनी शिकवले.

आईची ऑलिम्पिक

मुक्कामी परतल्यावर ग्रीसची आणखी एक कथा आठवली. जुन्या ऑलिम्पिकमध्ये विवाहित बायकांना सामने पाहायलाही बंदी होती. मोडली तर कडेलोटाची शिक्षा. पौसानियस नावाच्या प्राचीन लेखकाने सांगितलेली कथा अशी, की कल्लिपातेरा नावाच्या विधवेने शिक्षकाचा पुरुषी वेष घेतला आणि मुलाला घेऊन ती मैदानात गेली. मुलगा जिंकला. आनंदाच्या भरात कुंपणावरून उडी मारताना तिचे बिंग फुटले. तिचा बाप, भाऊ आणि आता मुलगाही विजेता, म्हणून पंचांनी तिला सोडून दिले. पण नियम केला, की यापुढे शिक्षकांनीही खेळाडूंसारखेच विवस्त्र यावे!

कथा ऐकून हसू येते. पण त्या बाईने आई म्हणून नव्हे, तर शिक्षक म्हणून आत जायचे ठरवले, हे विसरू नये. आज आपल्या लेकी मैदानात उघडपणे उतरतात, त्यामागे अनेक बायांचे कष्ट आहेत. त्यांत बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईही आहेत. १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या. एवढ्या खटपटीने उघडलेले दार आपण दहावीच्या नावाखाली आपल्या हातांनी लोटून घ्यायचे का?

घरी आल्यावर मी लेकीला जवळ बसवून विचारले, “मैदानावर तू नेमके काय करतेस?” ती म्हणाली, “सध्या पाचवी-सहावीच्या मुलींना सूर मारायला शिकवते. मॅडम एकट्या पडतात ना.” तिने हे कधी सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. आम्ही पदके मोजत होतो.

मग घरात सगळ्यांनी बसून ठरवले. स्पर्धांचे दौरे यंदा नाहीत, ते तिने स्वतःच मान्य केले. पण आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी एक तास, मैदान सुटायचे नाही. सासूबाईंच्या सांगण्यावरून गुडघ्यांना पट्टेही आले. जाऊबाई अजून नाराज आहेत. मार्चमध्ये काय होईल ते होईल. दोन टक्के कमी पडले तर मला बोलणी बसतील, याची मला कल्पना आहे.

वाचकहो, आपला मुलूखही खेळांचाच. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी रोमचा आखाडा पाहून आल्यावर उभारले. बेळगावच्या आनंदवाडीत आजही कुस्त्यांना गर्दी होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. या नावांचा अभिमान आपण बाळगतोच. पण तुमच्या गल्लीतल्या तालमीत आज संध्याकाळी कोण कोणाला शिकवते आहे, हे एकदा जाऊन पाहा. तिथे आठ वर्षांची मुले दिसतील, सत्तरीचे वस्ताद दिसतील. पंधरा-सोळाची किती दिसतात, तेवढे मात्र मोजा. कमी दिसली तर त्यांच्या घरी जा आणि आईबापांशी बोला. बडोद्याला जाणे झाले तर राजवाडा बघाच, सयाजीबागेतला दगडही बघा. पण एक सकाळ एखाद्या तालमीसाठी राखून ठेवा. काही विकत घ्यावे लागत नाही. चपला बाहेर काढायच्या आणि बाकावर गप्प बसायचे, एवढेच.